सॅन अँटोनिओला जाताय? लॅटिनो मुलांच्या शाळेबद्दल

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिस्टरांची पुण्याहून टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओला बदली होतेय, मुलगी तेरा वर्षांची, ऑफिसजवळच्या शाळेत बहुतेक मुलं लॅटिनो, म्हणजे मेक्सिको आणि मध्य-दक्षिण अमेरिकेतल्या देशांतून मूळ आलेल्या घरांतली. नातेवाईक म्हणतायत, 'त्या' मुलांत राहून ती ना इथली राहील ना तिथली. माझी दोन्ही मुलं अशाच शाळेत शिकली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'ती' मुलं म्हणजे काल सीमा ओलांडून आलेल्यांची, ही समजूत पुण्यातच सोडून या. टेक्सास 1836 पर्यंत मेक्सिकोत होता, 1845 मध्ये अमेरिकेत आला. या शहरात साठ टक्क्यांहून जास्त लोक लॅटिनो आहेत, आणि काही घराणी त्याही आधीपासून इथलीच. 'आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमेनं आम्हाला ओलांडलं,' असं ते म्हणतात. एकाच वर्गात स्पॅनिशचा गंध नसलेली पाचव्या पिढीची मुलगी असते आणि इंग्रजी न येणारा, नुकताच होंडुरासहून आलेला मुलगाही. सरसकट सगळ्यांना 'मेक्सिकन' म्हणू नका. गंमत म्हणजे तुमच्या मुलीचा रंग बघून किराणा दुकानातली बाई तिच्याशीही स्पॅनिशमध्येच सुरू होईल.

भाषेचं दुखणं मात्र समजून घेण्यासारखं आहे. इथल्या आजी-आजोबांच्या पिढीला शाळेत स्पॅनिश बोललं म्हणून शिक्षा व्हायची. 1968 मध्ये इथल्या एजवूड हायस्कूलची मुलं चांगले शिक्षक आणि धड इमारत मागत वर्ग सोडून बाहेर पडली होती. आपल्या वाट्याला आलं ते मुलांच्या वाट्याला नको, म्हणून त्या पिढीतल्या अनेकांनी घरात इंग्रजीच ठेवली. आता नातवंडं सुट्टीत मेक्सिकोला गेली की तिथली भावंडं त्यांच्या स्पॅनिशला हसतात, आणि इथे आडनाव ऐकून गोरे विचारतात, 'मूळची कुठली?' टेक्सासची लाडकी गायिका सेलेनासुद्धा इंग्रजी बोलतच वाढली. स्पॅनिश गाणी आधी उच्चार पाठ करून गायची, सफाईनं बोलायला नंतर शिकली. ती 1995 मध्ये गेली, तरी आजच्या मुलींच्या टी-शर्टवर तिचा चेहरा असतो. का ते तुमच्या मुलीला त्या मुलीच सांगतील.

स्पॅनिशला इथे टीव्ही आहे, रेडिओ आहे, चर्च आहे, तरी ती घराघरांतून निसटते. तेव्हा रविवारच्या मराठी शाळेच्या भरवशावर राहू नका. जेवताना मराठी बोललात तर टिकेल, नाहीतर नाही.

माझ्या लेकीची एक मैत्रीण आहे. वडील छपरं बसवण्याच्या कामावर, दोघाही आईबापांना इंग्रजी जेमतेम. बारा वर्षांची असताना ती आमच्याकडे अभ्यासाला आली होती आणि मध्येच घरून फोन आला, विम्याचं पत्र आलंय. आमच्याच ओट्यापाशी उभं राहून तिनं आईबापांना आणि कंपनीच्या बाईला एका कॉलवर घेतलं. वडील चिडून तावातावानं बोलत होते. ही त्यातला राग गाळून तेवढाच मुद्दा पलीकडे पोचवत होती. फोन ठेवला आणि गणिताचं पुस्तक पुन्हा उघडलं. लोक अशा मुलींना 'किती समजूतदार' म्हणतात. मला ते कौतुक पटत नाही, ते ओझं आहे. तुमच्या लेकीवर ते येणार नाही, पण शेजारच्या बाकावर ते कसं दिसतं हे तिला कळलेलं बरं.

पंधराव्या वाढदिवसाला इथे किन्सेअन्येरा असतो: आधी चर्च, मग हॉल, वडील मुलीच्या पायातले सपाट बूट काढून उंच टाचांचे घालतात, बाप-लेकीचा वॉल्ट्झ, आणि नंतर डीजे. खर्च मानलेले धर्मपिते-धर्ममाता वाटून घेतात. तुमच्या मुलीला करवल्यांसारखं बोलावलं तर झग्याच्या किमतीकडे बघून नाही म्हणू नका.

आता कागदपत्रं, कारण खरी काळजी तिथे आहे. 1982 च्या प्लायलर विरुद्ध डो या टेक्सासमधल्याच खटल्यामुळे कागद नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळा नाकारता येत नाही. लहानपणी इथे आलेल्या अशा काही मुलांना 2012 मध्ये सरकारच्या डाका (DACA) योजनेत कामाचा परवाना मिळाला. आपल्याला वाटतं, आमची मुलं कायदेशीर, आम्हाला काय! पण तुमची मुलगी एच-4 वर असो की एल-2 वर (आईबापांच्या नोकरीच्या व्हिसावर मुलांना मिळणारे व्हिसे), एकविसाव्या वर्षी तो दर्जा संपतो. डाकासाठी कायदेशीर दर्जा नसणं ही अटच होती, म्हणून व्हिसावरची आपली मुलं त्यातून बाहेरच राहिली. भारतीयांची ग्रीन कार्डची रांग किती लांब आहे ते तुम्हाला ठाऊक आहेच. तेव्हा मिस्टरांना कंपनीशी ग्रीन कार्डचं बोलणं इथे येण्याआधी करायला सांगा, आणि ते लेखी घ्या.

प्रवेशाच्या वेळी एक फॉर्म येतो, घरात बहुतेक वेळ कोणती भाषा बोलता. इंग्रजीच्या जादा वर्गात टाकतील या भीतीनं आपली मंडळी बिनदिक्कत 'इंग्रजी' लिहितात. तुम्ही मराठी लिहा. चाचणी घेतील, इंग्रजी माध्यमातली मुलगी असेल तर घाबरण्यासारखं काही नाही. हायस्कूलला परकीय भाषेचे दोन क्रेडिट लागतात, त्यासाठी स्पॅनिशच घ्या. सरावाला अख्खा वर्ग आहे.

घराचा करार पहिल्यांदा वर्षाचाच करा. शाळा पत्त्यावरून ठरते आणि या भागात डझनभराहून जास्त स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे सरकारी शाळांचे वेगवेगळे विभाग, आहेत. रस्ता ओलांडला की डिस्ट्रिक्ट बदलू शकतो. सही करण्याआधी नेमका पत्ता डिस्ट्रिक्टच्या साइटवर टाकून बघा. दलालाच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.