ऐन लग्नात रीड का चिरकते?

तुम्ही विचारलंय, "ओबो, क्लॅरिनेट आणि सनई यांच्या रीड एकाच वस्तूच्या असतात का, आणि मे महिन्यात त्या ऐनवेळी दगा का देतात?"

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. गावच्या बँडमध्ये अकरा वर्षं क्लॅरिनेट वाजवलं. माझे आबाजी डफड्यांसोबत सनई वाजवायचे.

रीड म्हणजे फुंकर घातली की थरथरून सूर काढणारी पातळ पाती; सनईच्या रीडला आम्ही पत्ती म्हणतो. ओबो म्हणजे सनईसारखंच एक पाश्चात्य फुंकवाद्य. ओबो आणि क्लॅरिनेटची रीड अरुंडो डोनॅक्स या बांबूसारख्या दिसणाऱ्या उंच गवताची असते. दक्षिण फ्रान्समधल्या व्हार भागातलं गवत त्यासाठी नावाजलेलं आहे. आबाजींची पत्ती ताडाच्या पानाची असायची. उत्तरेकडच्या शहनाईला नरकट नावाचं गवत वापरतात. बिस्मिल्ला खाँ ज्या डुमरावला जन्मले, त्या भागात सोन नदीच्या काठी ते उगवतं.

बांधणीत मात्र ओबो आणि सनई सख्ख्या बहिणी. दोन पात्या समोरासमोर, मधे डोळ्याच्या आकाराची बारीक फट, खाली धातूची बारीक नळी आणि दोऱ्याचे घट्ट वेढे. फुंकर घातली की पात्या मिटतात, उघडतात. ऑर्केस्ट्रा ओबोच्या ज्या सुरावर वाद्यं जुळवतो तो साधारण 440 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 440 वेळा ही उघडझाप! क्लॅरिनेटला एकच रीड असते, ती तोंडात धरायच्या भागावर, म्हणजे माउथपीसवर, पट्ट्याने आवळलेली असते.

आता तुमचा खरा प्रश्न. पात पाणी पिते तशी फुगते आणि लवचीक होते, वाळली की आकसते. टोक सगळ्यात पातळ, म्हणून ते आधी वाळतं आणि लहरी पडून वाकडं होतं. मग फट नीट मिटत नाही आणि सूर चिरकतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. एका वरातीत मी क्लॅरिनेट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उन्हात ठेवून जेवायला बसलो. परत येऊन फुंकलं तर पहिलाच सूर चिरकला. आबाजींनी रीड हातात घेतली अन् म्हणाले, "अबे, हे तहानली हाय, तिले पानी दे." त्यांच्या सनईला दोऱ्याने दोन-तीन जादा पत्त्या आणि फट नीट करायची सुई कायम टांगलेली असे. पत्ती लावण्याआधी ते ती तोंडात ओली करून घेत.

तुम्ही हेच करा. ओबो-सनईची पत्ती वाजवण्याआधी दोन-तीन मिनिटं स्वच्छ पाण्यात ठेवा, क्लॅरिनेटची रीड मिनिटभर. जास्त भिजली तर रीड नीट वाजत नाही. तीन-चार रीड आलटून-पालटून वापरा. वाजवून झाल्यावर पुसा, आणि क्लॅरिनेटची रीड सपाट काचेवर ठेवा. ओलीच डबीत बंद केली तर बुरशी येते. वरातीच्या उन्हासाठी एक प्लॅस्टिकची रीड जवळ असू द्या. तिचा आवाज मला कोरडा वाटतो, पण ती वाकत नाही. मंडपात मंगलाष्टकांच्या वेळी मात्र गवताचीच लावा.

आणि सनईची पत्ती वाद्यावर चढवण्याआधी नुसतीच ओठांत धरून फुंकून पाहा. सहज बोलली तर लावा, जोर लावावा लागला तर पुन्हा पाण्यात टाका.