पोर्ट्रेटमध्ये फिल्मसारखा ग्रेन (जुन्या फिल्मच्या फोटोत दिसणारे बारीक दाणे) कसा आणायचा? माझ्या फोटोत चेहऱ्यावर वाळू पसरल्यासारखी दिसते.

तुम्ही लिहिलंय की आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) वाढवून बघितला, लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरचा ग्रेन स्लायडरही ओढून बघितला, पण फोटो फिल्मसारखा न दिसता खराब झाल्यासारखा दिसतो. माझंही बरेच महिने असंच होत होतं, मग एकदा आजीचा जुना ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट भिंगाखाली धरला आणि गोष्ट कळली. गालावर जिथे उजेड हळूहळू सावलीत उतरतो तिथे दाणा अगदी स्पष्ट होता, पण केसांच्या काळ्या भागात आणि कपाळावरच्या चमकीत जवळजवळ नव्हताच. फिल्मवर चांदीच्या क्षाराचे लहानमोठे कण कसेही विखुरलेले असतात आणि डेव्हलप केल्यावर त्याच चांदीच्या पुंजक्यांनी चेहरा बनतो, म्हणून दाणा वरून टाकलेला वाटत नाही. डिजिटल नॉइजचं, म्हणजे कॅमेऱ्यामुळे फोटोत येणाऱ्या नको त्या ठिपक्यांचं, नेमकं उलट, तो सावलीत जास्त येतो आणि त्यात लाल-हिरवे ठिपके असतात. त्यामुळे आयएसओ वाढवायचा नाद सोडा, फोटो नीट उजेडात, बरोबर एक्सपोज करून काढा. अंडरएक्सपोज, म्हणजे काळपट आलेला फोटो नंतर उजळवून त्यावर ग्रेन टाकला की चेहरा मळकट दिसतो.

आता एडिटिंग. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ग्रेनमध्ये नसतेच, ती शार्पनेसमध्ये असते. पापणीचा एकेक केस सुरीसारखा धारदार ठेवायचा आणि त्यावर ग्रेन टाकायचा, मग तो वेगळा तरंगतच राहणार ना. म्हणून आधी शार्पनिंग कमी करा, टेक्श्चर थोडं मागे घ्या (मी उणे १० च्या आसपास ठेवतो), रंगाचा नॉइज काढून टाका, टोन आणि रंग पूर्ण ठरवा आणि मग शेवटी ग्रेन. आणि प्लीज त्वचा घासून गुळगुळीत करू नका, त्या प्लास्टिकवर कुठलाच ग्रेन बसत नाही.

लाइटरूममध्ये मी २४ मेगापिक्सेलच्या फोटोला अमाउंट २५-३०, साइज २५ आणि रफनेस ५०-६० इथून सुरुवात करतो. साइज २५ च्या पुढे नेला की फोटो किंचित मऊ होतो, पोर्ट्रेटला ते बऱ्याचदा छानच दिसतं.

पण मला स्वतःला फोटोशॉपची पद्धत जास्त आवडते. वर एक नवीन लेयर घ्या, ५० टक्के ग्रे भरा, लेयरचा ब्लेंड मोड ओव्हरले किंवा सॉफ्ट लाइट ठेवा, मग अ‍ॅड नॉइज, त्यात गॉशियन आणि मोनोक्रोमॅटिक दोन्ही निवडा, आणि त्यानंतर त्याच लेयरला अर्धा ते एक पिक्सेल गॉशियन ब्लर. हा ब्लर अजिबात गाळू नका कारण नुसता नॉइज एकेका पिक्सेलचा, कापून ठेवल्यासारखा असतो, ब्लर दिला की शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळून ओबडधोबड पुंजके होतात. ओव्हरलेमुळे पूर्ण काळ्या-पांढऱ्यात ग्रेन आपोआप कमी पडतो आणि मधल्या टोनमध्ये, म्हणजे नेमका गालावर, दिसतो. मग ओपॅसिटी कमी करत करत जिथे पटेल तिथे थांबा.

अजून एक, हे सगळं फोटो रिसाइझ केल्यावर करा. फुल साइजवर टाकलेला ग्रेन १०८० पिक्सेलला आणला की बराचसा विरघळतो आणि उरलेला जेपेग कॉम्प्रेशन खातं. मी प्रिंटची आणि ऑनलाइन टाकायची अशा दोन वेगळ्या फाइल करतो. प्रिंटसाठी आधी फक्त डोळा आणि गाल येईल एवढी पट्टी छापून बघतो, स्क्रीनवर जास्त वाटणारा ग्रेन कागदावर बऱ्याचदा कमीच पडतो.

दाणा किती मोठा ठेवायचा हे तुम्हाला कुठली फिल्म डोळ्यासमोर आहे त्यावर आहे. ३५ एमएमची फ्रेम २४ बाय ३६ मिमीची, ती खूप मोठी करावी लागते म्हणून दाणा ठसठशीत दिसतो. १२० या रुंद फिल्मवरची ६ बाय ७ सेंमीची निगेटिव्ह तेवढ्याच प्रिंटसाठी कमी मोठी करावी लागते, त्यामुळे तोच दाणा बारीक दिसतो. मऊ उजेडातल्या शांत क्लोजअपला मी बारीकच ठेवतो, जाड दाणा कडक सावल्यांच्या ब्लॅक अँड व्हाइटसाठी राखतो.