गणवेशाचा नियम आणि एकाच दुकानाची चिठ्ठी

एप्रिलमध्ये नवे सत्र सुरू झाले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत गणवेशाचा विषय हमखास असतो. या वेळी तीन पत्रे निवडली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे. त्यातला प्रश्न अनेक घरांत विचारला जातो आणि तो तसाच गिळलाही जातो, म्हणून ते लांबू दिले.

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आणि मुलगी तिसरीत आहे. दोघेही इंदूरच्या एकाच खासगी शाळेत जातात. गेल्या वर्षी शाळेने ट्रॅकसूट बदलला आणि या वर्षी हाऊसचे टी-शर्टही बदलले. सगळे कपडे एकाच दुकानातून घ्यावे लागतात. शाळेकडून जी चिठ्ठी मिळते, तिच्यावर त्या दुकानाचे नावच छापलेले असते. ट्रॅकसूटचे १,४५० रुपये मोजले. तशाच कापडाचा सूट बाजारात सातशे रुपयांना मिळतो. मोज्यांच्या वरच्या कडेला दोन निळ्या रेघा हव्यात असा नियम आहे. दुकानात मुलाचे माप संपले होते, म्हणून मी त्याला साधे पांढरे मोजे घालून पाठवले. प्रार्थनेच्या वेळी त्याला वेगळ्या रांगेत उभे केले आणि पहिला तास वर्गाबाहेर बसवले. त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नाही. तक्रार करावी असे मला वाटते, पण सासूबाई म्हणतात, शाळेशी वैर धरू नये, राग मुलांवर निघेल. मी काय करावे?
— एक आई, सुदामानगर

उत्तर : सर्वप्रथम त्या मोज्यांविषयी लिहितो, कारण आपल्या पत्रातील ट्रॅकसूटच्या किमतीपेक्षा न जेवलेला मुलगा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. सहावीतला मुलगा मोजे विकत आणत नाही. ते आईवडील आणतात, दुकानदार विकतो आणि त्यांवरील रेघा शाळा ठरवते. या तिघांत जी गोष्ट अडली, तिची शिक्षा ज्याच्या हातात काहीच नव्हते त्याला झाली. मी अनेक वर्षे शाळेत शिकवले आहे आणि सकाळी फाटकाशी उभे राहून गणवेश तपासण्याचे कामही केले आहे. एकदा काळ्या बुटांऐवजी तपकिरी बूट घालून आलेल्या मुलाला मी रांगेतून बाहेर काढले होते. ते बूट त्याच्या मोठ्या चुलत भावाचे होते, पुढे कागद कोंबून त्याने ते पायांत बसवले होते, हे मला दुपारी कळले. त्या दिवसापासून गणवेशाविषयी जे बोलायचे ते पालकांशी आणि डायरीतून, असा मी स्वतःपुरता नियम केला. आपल्या शाळेकडे हीच मागणी आपण निःसंकोचपणे करू शकता. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा देण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. सर्वांसमोर वेगळ्या रांगेत उभे करणे आणि मोज्यांसाठी तास बुडवणे हे शिस्तीत बसते की छळात, हा प्रश्न मुख्याध्यापकांना लेखी विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

आता दुकानाविषयी. आपल्या मध्य प्रदेशात खासगी शाळांचे शुल्क आणि त्याच्याशी निगडित बाबींचे नियमन करणारा २०१७ चा अधिनियम आहे आणि त्याखाली २०२० मध्ये नियम झाले आहेत. गणवेश, बूट, टाय, वह्या, पुस्तके यांपैकी काहीही ठरावीक दुकानातूनच घेण्याची सक्ती शाळेला करता येत नाही. गणवेश बदलल्यास तो पुढील तीन शैक्षणिक सत्रे तसाच ठेवावा लागतो. त्यामुळे आपल्या शाळेने कोणते कपडे कोणत्या वर्षी बदलले, याची तारीखवार नोंद आपण आधी करून ठेवावी. जुनी परिपत्रके, डायरीची पाने, दुकानाच्या पावत्या आणि ती छापील चिठ्ठी हे सगळे जपून ठेवावे. ट्रॅकसूट गणवेशात मोडत नाही, असे उत्तर कदाचित मिळेल. तेव्हा, जो कपडा घातला नाही म्हणून मुलाला वर्गाबाहेर बसवता, तो गणवेश नाही तर काय, एवढेच विचारावे.

या व्यवहारातील खरी खोच शाळेच्या चिन्हात आहे. इतर शालेय साहित्यावर शाळेने आपले नाव छापू नये असे नियम सांगतात, पण गणवेश त्यातून वगळलेला आहे. म्हणून खिशावरचे चिन्ह, कॉलरची पट्टी, मोज्यांवरच्या रेघा अशा बारीक खुणा वाढत जातात आणि तो कपडा दुसरीकडे मिळेनासा होतो. आपल्या शहरात सीतलामाता बाजारापासून क्लॉथ मार्केटपर्यंत कापडाची एवढी मोठी पेठ आहे आणि तयार कपडे शिवणारे हजारो हात आहेत. तरीही एक पांढरा शर्ट घ्यायला पालकांना एकाच काउंटरपुढे उभे राहावे लागते, याची मला मनापासून चीड येते. यावर साधा तोडगा आहे आणि तो शाळेपुढे जरूर मांडावा : शाळेने कापडाचा रंग आणि नमुना लेखी जाहीर करावा, खिशावरचे चिन्ह शिवून लावता येईल अशा कापडी बिल्ल्याच्या रूपात कार्यालयातून माफक किमतीत द्यावे आणि शर्ट कोठून घ्यायचा किंवा कोणाकडून शिवायचा हे पालकांवर सोडावे. शाळा सीबीएसईशी संलग्न असेल तर मंडळाने २०१७ मध्येच शाळांना पुस्तके, साहित्य आणि गणवेश यांच्या विक्रीपासून दूर राहण्यास बजावले होते, याचीही पत्रात आठवण करून द्यावी.

सासूबाईंची भीती मी खोटी म्हणणार नाही. एकट्या पालकाने आवाज उठवला की त्याचे मूल शिक्षकांच्या नजरेत येते, हे मी शिक्षककक्षात बसून पाहिले आहे. म्हणून पत्र एकटीच्या सहीने देऊ नका. त्याच वर्गातील आठ-दहा पालक जमवा, भाषा सौम्य ठेवा, मोज्यांच्या प्रसंगात मुलाचे नाव न घालता ‘काही विद्यार्थ्यांना’ असे लिहा आणि पत्र दिल्याची पोच घ्या. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर तेच पत्र आणि पावत्या जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांकडे द्याव्यात. २०१७ च्या अधिनियमाखालील जिल्हा समितीचे अध्यक्ष कलेक्टर असतात, त्यामुळे मोती तबेल्यातील कलेक्टर कार्यालयात दर मंगळवारी होणाऱ्या जनसुनवाईतही हे आवेदन देता येते. मुख्यमंत्री हेल्पलाइनच्या १८१ या क्रमांकावरही तक्रार नोंदवली जाते. असे अर्ज कागदावरच राहतात, हा समज पूर्णपणे खरा नाही. जबलपूरमध्ये २०२४ साली जिल्हा प्रशासनाने खासगी शाळांची शुल्कवाढ आणि पुस्तकांचे व्यवहार तपासून अनेक शाळांवर कारवाई केली आणि प्रत्येकी २ लाख रुपयांचा दंडही लावला. तेथेही सुरुवात पालकांच्या तक्रारींनीच झाली होती.

तोवर मुलाला एवढे अवश्य सांगा की मोज्यांत त्याची काही चूक नव्हती आणि याविषयी शाळेशी आईबाबा बोलत आहेत.

प्रश्न : आमच्या वेळी दोन गणवेश वर्षभर पुरत. आज माझ्या नातवाला रोजचा वेगळा, बुधवारचा वेगळा, शनिवारचा पांढरा आणि त्यावर पांढरे कॅनव्हासचे बूट, असे चार प्रकार लागतात. वर्षाअखेरीस सगळे तोकडे होतात आणि तसेच पडून राहतात. एवढ्याची खरोखर गरज आहे का? गणवेशच नको असे म्हणावे का?
— एक आजोबा, रामबाग

उत्तर : काका, गणवेशच नको असे मी म्हणणार नाही. एका बाकावर बसलेल्या दोन मुलांपैकी कोणाच्या वडिलांची पेढी आहे आणि कोणाचे वडील रिक्षा चालवतात हे कपड्यांवरून कळू नये, यासाठी गणवेश आहे. पण चार-चार प्रकार झाले की तोच गणवेश उलटा फिरतो. खासगी शाळांतील पंचवीस टक्के जागांवर मोफत प्रवेश मिळालेल्या मुलांचे शुल्क शासन भरते, पण बहुतेक ठिकाणी कपड्यांचा खर्च आईवडिलांच्याच माथी येतो, आणि मग शनिवारी पिवळट पडलेल्या कॅनव्हास बुटांवरून ते मूल ओळखू येते. म्हणून माझे म्हणणे असे की एक रोजचा आणि एक खेळाचा, याहून अधिक प्रकार कोणत्याही शाळेने ठेवू नयेत.

पडून राहिलेल्या कपड्यांविषयी दोन गोष्टी सुचवतो. पालकसभेच्या दिवशी एक टेबल मांडून चांगल्या स्थितीतील तोकडे झालेले गणवेश लहान वर्गांतील मुलांसाठी ठेवावेत. पुढाकार आजीआजोबांनी घेतला तर कोणाला संकोच वाटत नाही. दुसरे, शिंप्याकडून शिवून घेता येत असेल तर पूर्वीसारखे वाढत्या अंगाचे शिवावे, शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेले जादा कापड, आणि पँटच्या खाली दोन-अडीच इंचांची दुमड ठेवण्यास सांगावे. तयार कपड्यांत माया जवळजवळ नसतेच, म्हणून ते सहा महिन्यांत आखूड होतात.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे आणि सायकलने शाळेत जाते. तिला स्कर्ट नको, पूर्ण पँट किंवा सलवार-कुर्ता हवा आहे. शाळा म्हणते, आठवीपर्यंत स्कर्टच. थंडीतही ठरलेल्या ब्लेझरखेरीज दुसरे काही चालत नाही. टेरीकॉटच्या शर्टामुळे उन्हाळ्यात तिच्या मानेवर पुरळ येते. हट्ट कोणाचा मानावा, मुलीचा की शाळेचा?
— एक वडील, लोकमान्य नगर

उत्तर : सायकल चालवणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलीने पूर्ण पँट मागणे याला मी हट्ट म्हणणार नाही. केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यातील एका सरकारी प्राथमिक शाळेने २०१८ मध्ये मुलामुलींसाठी सारखीच गुडघ्यापर्यंतची पँट आणि शर्ट असा गणवेश केला. रंग आणि कापड तेच ठेवून स्कर्ट किंवा पँट असा पर्याय दिल्याने एकसारखेपणा बिघडत नाही. अर्ज मुलीने स्वतःच्या अक्षरात लिहावा, आपण खाली सही करावी आणि वर्गातील ज्या मुलींना असेच वाटते त्यांच्या सह्या असतील तर उत्तम. अर्ज वडिलांनी लिहिला तर शाळा त्याच्याकडे घराण्याचा आग्रह म्हणून पाहील.

पुरळाच्या बाबतीत मात्र अर्ज-विनंत्यांत वेळ घालवू नये. टेरीकॉटमध्ये पॉलिएस्टरचे प्रमाण मोठे असते, घाम शोषला जात नाही आणि इंदूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात कॉलरखाली कातडी सोलवटते. त्वचारोगतज्ज्ञांची चिठ्ठी घेऊन त्याच रंगाचा सुती शर्ट शिवावा आणि चिठ्ठीची प्रत डायरीत लावून मुलीला तो घालून पाठवावे. थंडीचेही तसेच. डिसेंबर-जानेवारीत सकाळचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा ब्लेझरच्या आत घरचा लोकरी स्वेटर घालण्यास शाळेने हरकत घेऊ नये, असे वर्गशिक्षिकांना दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच भेटून सांगावे. ऐन थंडीत सकाळी साडेसातला फाटकावर उभे राहून तो वाद मुलीच्या वाट्याला येऊ देऊ नये.