‘वीरगती’ नव्हे, ‘कामी आले’

प्रश्न असा: विंग कमांडर करुण कृष्ण मजुमदार दुसऱ्या महायुद्धात लढले, पण 17 फेब्रुवारी 1945 रोजी लाहोरला हवाई प्रात्यक्षिक करताना त्यांचं हरिकेन लढाऊ विमान कोसळून ते गेले. त्यांना ‘वीरगती प्राप्त झाली’ असं लिहावं का?

लिहू नये. वीरगती रणातच मिळते. गणवेशातला कुणीही कशानेही गेला की बातमीत ‘वीरगती’ ठोकून देतात, त्याचा मला मनस्वी राग येतो. ‘धारातीर्थी पडणे’ही नको, त्यातली धारा शत्रूच्या तलवारीची. ‘शहीद’ आणि ‘हुतात्मा’ सगळ्यांना ठाऊक आहेत, सोडून देतो.

खरी गंमत ‘कामी येणे’ या प्रयोगात आहे. बखरींत ‘अमके कामास आले’ म्हणजे लढाईत पडले. माझ्या मते ही सरळ फारसी ‘ब-कार आमदन’ची मराठी उतरण आहे. कार म्हणजे काम, आमदन म्हणजे येणे. मूळ अर्थ उपयोगी पडणे. त्यावरून धन्याच्या उपयोगी पडून मरणे. फारसी कागद रोज हाताळणाऱ्या कारकुनांनी तो शब्दाला शब्द ठेवून उचलला असणार. हिंदीतलं ‘काम आना’ही त्याच वळणाचं. भाषाशुद्धिवादी लगेच ‘संस्कृत कर्म, प्राकृत कम्म, मराठी काम’ अशी साखळी मांडतात. साखळी बरोबर आहे, पण ती एकट्या शब्दाची. इथे प्रश्न अख्ख्या वाक्प्रचाराचा आहे. आणि ‘काम म्हणजे इच्छा, म्हणून वीराची मरणेच्छा’ ही व्युत्पत्ती तर निव्वळ कल्पनाविलास!

या प्रयोगात ना शत्रू आहे, ना तलवार. आहे ते नेमलेलं काम. फेब्रुवारी 1942 मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेशातल्या तौंगूवर हल्ला केला, तेव्हा मजुमदारांनी लायसँडरसारख्या संथ टेहळणी विमानाला बाँब लावून सयाममधल्या (आजच्या थायलंडमधल्या) माए हाँग सॉनच्या धावपट्टीवर टाकले. पुढे 1944 मध्ये ते नॉर्मंडीवरही उडाले. डी. एफ. सी. हे शौर्यपदक त्यांना दोनदा मिळालं. लाहोरचं उड्डाणही हवाई दलाचंच काम होतं. अशा माणसाच्या नावापुढे नुसतं ‘अपघाती निधन’ लिहिणं मला सहन होत नाही. ‘कामी आले’ लिहा.

‘कामी’ ही जुनी सप्तमी आहे, पूर्वी ‘कामीं’ असं अनुस्वारासह लिहीत. तिथे ‘कामाला आले’ मात्र चालणार नाही. त्याचा अर्थ कामावर हजर झाले एवढाच होतो.