टुंड्रात ऊब वाढली तर झाडं वाढतील ना? मग वैविध्य धोक्यात कसं?

तुमचा प्रश्न असा की थंडी कमी झाली तर टुंड्रातल्या, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या गोठलेल्या उघड्या प्रदेशातल्या, झाडांचं भलंच व्हायला हवं, मग तिथलं वैविध्य धोक्यात आहे असं का म्हणतात? झाडोरा वाढतोय हे खरंच आहे. घोळ तिथंच आहे.

मी साताऱ्यात वनस्पतिशास्त्र शिकवतो. हे समजावायला मुलांना कासच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, नेतो. जांभ्यावर बोटभर माती, त्यात सीतेची आसवं, दवबिंदू, गेंद ही इवली फुलझाडं. गुडघे टेकल्याशिवाय नीट दिसतही नाहीत. ती तिथं टिकतात, कारण त्यांचा उजेड अडवणारं कुणी उंच तिथं फारसं रुजत नाही. टुंड्रा हाही एक सडाच समजा. फक्त जांभ्याच्या जागी खाली कायम गोठलेली जमीन, आणि वाढीला जेमतेम दीड-दोन महिन्यांचा उन्हाळा. आपल्या ओढ्याकाठच्या वाळुंजाची एक भाऊबंद तिथं आहे, उंची फार तर दोन पेरं!

आता उत्तर ध्रुवाचा प्रदेश १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगानं तापलाय. त्यामुळं उभी वाढणारी झुडपं, म्हणजे खुजे भूर्ज आणि वाळुंजाचेच उंच प्रकार, जोर धरतात. त्यांच्या सावलीत शेवाळ आणि दगडफूल मागं पडतं. दगडफूल म्हटलं की आपल्याला मसाला आठवतो, पण तिकडं रेनडिअर हिवाळ्यात मुख्यतः तसल्याच दुसऱ्या दगडफुलांवर जगतात.

मात्र ‘सगळं नष्ट होतंय’ असंही कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. २०२५ मध्ये ४५ ठिकाणच्या, चाळीस वर्षांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी काढली तर जातींची संख्या घटलेली नाही, वाढलेलीही नाही. पण नोंदीसाठी आखलेल्या जमिनीच्या ५९ टक्के तुकड्यांत काही जाती नव्यानं आल्या किंवा असलेल्या गेल्या. जिथं ऊब जास्त वाढली तिथं ही ये-जा जास्त, आणि जिथं उभी झुडपं माजली तिथं जाती घटल्या. एकूण आकडा तोच, घरातली माणसं मात्र बदललेली.

मला सगळ्यात रोचक वाटते ती चराईची गोष्ट. कासला कुंपण घातल्यावर गुरं यायची थांबली, गवत माजलं आणि फुलं दबली, असं आसपासच्या गावचे लोक सांगायचे. आम्ही शिकलेली मंडळी तेव्हा हसलो होतो. ग्रीनलंडमध्ये १५ वर्षं नेमका हाच प्रयोग झाला: काही तुकड्यांना कुंपण घातलं, काही रेनडिअर आणि कस्तुरी बैलांना चरायला मोकळे ठेवले. वैविध्य दोन्हीकडं घटलं, पण चराई चालू होती तिथं घटण्याचा वेग जवळपास निम्मा होता.