मैत्रीण मध्येच फ्लॅट सोडून गेली. वीजबिल कुणी भरायचं?

प्रश्न : मी पुण्यात वाकडला दोन मैत्रिणींसोबत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होते. जुलै ते मे असा अकरा महिन्यांचा करार, त्यावर तिघींच्या सह्या. प्रत्येकी २५ हजार काढून ७५ हजारांचं डिपॉझिट माझ्या खात्यातून दिलं. एकीने १ मार्चला महिन्याची नोटीस दिली, १० तारखेला ती बंगळुरूला गेली. मार्चचं भाडं तिने दिलं. डिपॉझिटपैकी १५ हजार मी तिला पदरचे दिले. मेअखेर आम्ही दोघींनी घर सोडलं, तेव्हा मालकांनी फेब्रुवारी ते मेचं थकलेलं वीजबिल म्हणून १४,७०० कापले आणि ६०,३०० माझ्या खात्यात टाकले. ती म्हणते, 'मार्चपासून मी राहतच नव्हते आणि मालकांनीही मला मोकळं केलं होतं. माझे उरलेले १० हजार दे.' वायफायचं वर्षाचं ९ हजारांचं पॅक माझ्या नावावर होतं, त्याचे तिने महिना २५० प्रमाणे फेब्रुवारीपर्यंतच दिले. जूनमध्ये ते कनेक्शन मी नव्या घरी नेलं. तिचं वॉशिंग मशीन माझ्याकडे आहे. बिलाचा तिसरा हिस्सा, वायफायचे १ हजार आणि उशिराबद्दल रोजचे ५० रुपये दिल्याशिवाय मशीन मिळणार नाही, असं मी तिला कळवलं आहे. माझं बरोबर आहे ना?

उत्तर : आधी मशीन परत करा. हिशेब नंतर.

येणं आहे म्हणून दुसऱ्याची वस्तू अडकवून ठेवायचा हक्क कायदा सरसकट देत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७१ मध्ये असा हक्क बँका, आडते अशा मोजक्यांना आहे. कलम १७० प्रमाणे वस्तूवर काम करणाऱ्या कारागिराला त्याच्या मजुरीपुरता तो मिळतो. घरात सोबत राहणारी मैत्रीण यातल्या कशातच बसत नाही. तिचं मशीन 'पैसे दिल्याशिवाय देणार नाही' हे तुम्ही लेखी कळवून बसला आहात, आणि उद्या तिने पोलिसांत अर्ज दिला तर तोच मेसेज ती दाखवील. तुमची बाजू बऱ्याच अंशी खरी असताना दोन-तीन हजारांसाठी पोलीस चौकीत खुलासे देत बसायची वेळ तुमच्यावर येऊ नये, असं मला मनापासून वाटतं. तिला सोयीचा दिवस विचारा, टेम्पोचा खर्च तिचा, आणि मशीन नेताना फोटो काढून ठेवा.

आता बिलाकडे. इथे दोन नाती वेगवेगळी आहेत आणि तुमच्या भांडणात ती एकमेकांत मिसळली आहेत. एक नातं तुम्हा तिघींचं आणि घरमालकांचं. करारावर तिघींच्या सह्या आहेत, म्हणजे कलम ४३ प्रमाणे, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर, मालक सगळी रक्कम तिघींपैकी कुणाही एकीकडून वसूल करू शकतात. त्यांनी सगळ्या डिपॉझिटमधून बिल कापलं, त्यात नियमबाह्य काही नाही. दुसरं नातं तुमचं आपापसातलं. एकीने सगळ्यांचं भरलं तर तिला बाकीच्यांकडून वाटा मागता येतो, हेही तेच कलम सांगतं. वाटे समान धरायचे, पण तुमच्यात काही वेगळं ठरलं असेल तर ते आधी पाहायचं. 'मालकांनी मला मोकळं केलं' हे तिचं म्हणणं कलम ४४ पुढे टिकत नाही. मालकांनी एकीला सोडलं तरी बाकीच्या दोघींशी असलेली तिची जबाबदारी संपत नाही.

म्हणजे तिचा वाटा निघतो. पण तुम्ही मागता तेवढा निघत नाही, आणि हे तुम्हाला आवडणार नाही. 'बिल तिघींत' असं ठरलं ते तिघी त्या घरात राहणार म्हणून. नोटीस देऊन, नोटिशीच्या महिन्याचं भाडं भरून गेलेल्या मुलीने एप्रिल-मेच्या उकाड्यात तुम्ही दोघींनी चालवलेल्या एसीचे पैसे द्यावेत, हे कुठल्याही न्यायाधीशाला पटवणं कठीण आहे. घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. शंभर युनिटच्या पुढे एक दर, तीनशेच्या पुढे आणखी वरचा. उन्हाळ्यात बिल फुगलं ते त्या वरच्या टप्प्यांमुळे, आणि ती युनिटं तिने जाळलेली नाहीत. राहतो स्थिर आकार. तो वापर असो-नसो लागतोच, पण तुम्ही दोघी त्या घरात होतात तेव्हा त्या दोन महिन्यांचा स्थिर आकारही तुमचाच धरा.

तुमच्या पत्रासोबतच्या बिलांवर रकमा अशा आहेत : फेब्रुवारी २,१००, मार्च ३,०००, एप्रिल ४,५००, मे ५,१००. फेब्रुवारीचा तिचा तिसरा हिस्सा ७००. मार्चचा १,०००, कारण तो नोटिशीचा महिना होता. ती 'मी दहाच दिवस होते' म्हणेल. त्यात थोडंफार तथ्य आहे, तेव्हा तिथे शे-पाचशे सोडावे लागले तर सोडा. वायफायचं पॅक मात्र वर्षाचं म्हणून तिघींनी मिळून घेतलं होतं आणि एकजण गेली म्हणून त्याची किंमत घटली नाही. मार्च ते मेचे २५० प्रमाणे ७५० तिच्याकडे निघतात. जूनचे नाहीत, कारण जूनमध्ये ते कनेक्शन तुम्ही वापरलं.

एकूण २,४५०. तिचे तुमच्याकडे १० हजार आहेत. त्यातून हे वजा केले की ७,५५० तुम्ही तिला द्यायचे. दुसऱ्या मैत्रिणीचा वीजबिलाचा वाटा फेब्रुवारी-मार्च धरून ६,५०० होतो, म्हणजे २५ हजारांपैकी तिला १८,५०० द्या. तुमच्याही वाट्याला १८,५०० च येतात.

रोजचे ५० रुपये विसरा. एकीने परस्पर जाहीर केलेला दंड दुसरीने कबूल केल्याशिवाय बंधनकारक होत नाही. कबूल केला असता तरी कलम ७४ प्रमाणे न्यायालय वाजवी भरपाईपुरतंच बघतं.

पैसे वाटण्याआधी एक गोष्ट मात्र तपासा, कारण भाडेकरू मुलांचं इथे हमखास नुकसान होतं. मालकांकडून बारा अंकी ग्राहक क्रमांक घ्या आणि महावितरणच्या संकेतस्थळावर चारही महिन्यांची बिलं स्वतः पाहा. १४,७०० मध्ये 'अतिरिक्त सुरक्षा ठेव' धरली आहे का? महावितरण ग्राहकाच्या वार्षिक वापरावरून ही ठेव मागतं आणि त्याचं वेगळं बिल येतं. ती मालकांच्या नावावर जमा राहते, त्यावर त्यांनाच व्याज मिळतं. ती तुमच्या डिपॉझिटमधून कापायचं कारण नाही. तसंच बिलं मालकांच्या मोबाइलवर येत असतील आणि त्यांनी ती तुम्हाला वेळेवर पाठवलीच नसतील, तर थकबाकीवरचा विलंब आकार त्यांनी सोसावा, असं नम्रपणे पण लेखी मागा. ही कपात कमी झाली तर तिघींचेही आकडे त्या प्रमाणात बदलतील.

तिने हा हिशेब मानला नाही तर? ७,५५० तरीही लगेच पाठवा, 'हिशेबापोटी' असा शेरा टाकून. वाद नसलेली रक्कम रोखून धरू नका. तिला उरलेले २,४५० हवेच असतील तर दावा तिला लावावा लागेल आणि तिथे तुमची वजावट तुमचा बचाव असेल. तुम्ही दुसऱ्या मैत्रिणीचा वाटा भरून बसलात, असं पुढे कधी झालं तर तो वसूल करायला दावा लावण्यासाठी पैसे दिल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. चॅट पुसू नका. नुसत्या स्क्रीनशॉटवर न्यायालयात भागत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून मूळ फोन आणि यूपीआयच्या नोंदी जपा. महिना २५० चे तिने केलेले आठ व्यवहार, हाच वायफायबाबतच्या तुमच्या तोंडी कराराचा सर्वांत चांगला पुरावा आहे.

प्रकरण ताणलंच तर वकिलाच्या नोटिशीवर हजारो रुपये घालवू नका. शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. दावा लावण्याआधीच तिथून वाद लोकअदालतीत नेता येतो. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेविषयक साहाय्य मिळतं, आणि तडजोड झाली तर तिला न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकंच बळ असतं, त्यावर अपील नाही.

पण त्याआधी आज रात्री तिला हा मेसेज पाठवा. 'मशीनबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेते. शनिवारी किंवा रविवारी मशीन ने. सोबत चारही बिलं आणि हिशेब जोडला आहे. तुझा वाटा २,४५० होतो, ७,५५० पाठवले आहेत. काही चुकलं असेल तर आकड्यासकट सांग.'