पेट्रोल महागलं, दोष कुणाचा? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी परभणीचा, नोकरीसाठी रोज गाडीवर जाऊन येऊन ४० किलोमीटर. आमच्या फॅमिली ग्रुपवर पेट्रोलवरून कायम भांडण. मोठा भाऊ म्हणतो राज्याच्या व्हॅटमुळे (राज्याचा विक्रीवरचा कर) महाग, मेव्हणा म्हणतो सगळं केंद्राचं पाप, आणि दोघंही आकडे टाकतात. खरं कोण बोलतंय? (एक वाचक, परभणी)

उत्तर : दादा, आकडे दोघांचेही खरे असतील, फक्त मोजायला सुरुवात कुठून करायची ते प्रत्येकजण आपल्या सोयीनं ठरवतो. २०१४ मध्ये सत्ता बदलली तेव्हा पेट्रोलवर केंद्राची एक्साइज, म्हणजे उत्पादन शुल्क, लिटरला ९.४८ रुपये होती. मग क्रूड, म्हणजे कच्चं तेल, घसरलं आणि नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ मध्ये ती नऊ वेळा वाढवली, म्हणजे स्वस्ताईचा फायदा आपल्यापर्यंत यायच्या आधीच वाटेत काढून घेतला. मे २०२० मध्ये तर लॉकडाऊनमध्ये लोकांचे पगार बंद असताना पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये एकदम चढवले, पेट्रोलवरची एक्साइज ३२.९८ वर गेली. इथं तुमचा मेव्हणा बरोबर आहे. त्यातही बराचसा भाग सेस (उपकर) म्हणून घेतला, आणि सेसमधला वाटा राज्यांना मिळत नाही, त्यामुळे "निम्मे पैसे राज्यांनाच जातात" हे जे फॉरवर्ड फिरतं ते मला तरी पटत नाही.

पण भाऊही चुकीचा नाही. त्याच लॉकडाऊनमध्ये १ जून २०२० पासून महाविकास आघाडी सरकारनं पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये वाढवले. त्याआधी २०१७ मध्ये हायवेवरची दारूची दुकानं बंद झाली, उत्पन्न बुडालं, तर फडणवीस सरकारनं पेट्रोलवर ३ रुपये जास्तीचे लावले. दारूचा खड्डा पेट्रोल भरणाऱ्यानं का भरायचा, याचं उत्तर मला आजपर्यंत मिळालेलं नाही.

आता २०२२ बघा. २७ एप्रिलला पंतप्रधानांनी मुख्यमंत्र्यांच्या मीटिंगमध्ये महाराष्ट्राचं नाव घेऊन सांगितलं की तुम्ही व्हॅट कमी केला नाही, त्यावर उद्धव ठाकरेंनी लगेच केंद्राचा कर किती नि राज्याचा किती ते मांडलं आणि केंद्राकडची जीएसटीची थकबाकी मागितली. मे महिन्यात केंद्रानं पेट्रोलवरची एक्साइज ८ आणि डिझेलवरची ६ रुपयांनी कमी केली. दुसऱ्या दिवशी राज्यानं जाहीर केलं की आम्हीही २.०८ आणि १.४४ कमी करतोय. हे आकडे कुठून आले? मुंबईत पेट्रोलवर व्हॅट २६ टक्के होता, ८ रुपयांचे २६ टक्के म्हणजे बरोबर २.०८, आणि डिझेलचे ६ रुपयांवर २४ टक्के म्हणजे १.४४. व्हॅट टक्क्यांत असल्यामुळे ते आपोआपच कमी होणार होते, त्याला कपात म्हणणं ही लोकांची फसवणूक आहे, मला तेव्हाही राग आला होता आणि अजून येतो. खरी कपात जुलैमध्ये झाली, शिंदे सरकार आल्यावर, पेट्रोल ५ आणि डिझेल ३. चांगलंच झालं, पण पेट्रोलच्या त्या ५ मधले ३ रुपये २०१७ मध्ये कुणी लावले होते तेही ग्रुपवर सांगा.

अजून एक तारीख भावाला नक्की विचारा. ४ नोव्हेंबर २०२१ ते २१ मार्च २०२२ भाव जागचा हलला नाही, मधे उत्तर प्रदेश, पंजाब, गोव्याच्या निवडणुका झाल्या, आणि २२ मार्चपासून सोळा दिवसांत पेट्रोल साधारण १० रुपयांनी चढलं. भाव रोज बाजाराप्रमाणे ठरतो असं २०१७ पासून सांगतात, मग बाजार साडेचार महिने झोपला होता का?

आणि तुमच्या परभणीत पेट्रोल इतर शहरांपेक्षा जास्त महाग, कारण टँकर लांब मनमाडच्या डेपोवरून येतात, त्या वाहतुकीचा खर्च किमतीत धरला जातो आणि त्यावर परत व्हॅट.

प्रश्न : ऑइल बाँडमुळे कर कमी करता येत नाही हे खरं का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : बाँड खरे आहेत. यूपीएच्या काळात तेल कंपन्यांना रोख सबसिडी देण्याऐवजी सुमारे १.३ लाख कोटींचे बाँड, म्हणजे पुढे पैसे देण्याचे सरकारी कर्जरोखे, दिले, बिल पुढच्यांवर ढकललं, ते चूकच होतं. पण एकट्या २०२०-२१ मध्ये केंद्राला इंधनाच्या एक्साइजमधून ३ लाख कोटींच्या वर मिळाले, म्हणजे बाँडच्या पूर्ण मुद्दलाच्या दुप्पट, ते पण एका वर्षात. तेव्हा हे कारण पुरत नाही.

प्रश्न : आम्ही सावंतवाडीचे, गोव्यात गेलो की टाकी फुल करूनच येतो. तिकडे स्वस्त कसं? (एक वाचक भगिनी)

उत्तर : ताई, व्हॅट ज्याच्या त्याच्या राज्याचा. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट थेट ०.१ टक्क्यावर आणला होता आणि लिटरमागे ११ रुपयांच्या आसपास फरक पडला होता. पुढे तिथंही तो परत वाढला, पण महाराष्ट्राइतका नाही, म्हणून तुमची टाकी अजून तिकडेच भरते.